अक्कांची माहेरवही

अक्कांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘कंपनी’ होतो. उपकेंद्राच्या फाटकापाशी माझी मोटरसायकल थांबली की आतून आवाज यायचा, “ऊनी का कंपनी? ये, बस.” सुरुवातीला मला राग यायचा. दोनतीनदा मी माझं नाव सांगूनही पाहिलं. अक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कप पुढे करत म्हणाल्या, “कंपनी, साखर चालस ना?”

तसं त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आरोग्य खात्याला यंत्रं आणि ॲप पुरवणारी आमची ही तिसरी कंपनी. पहिलीने संगणक दिले होते, दुसरीने मोबाइल. करार संपले तशा त्या निघून गेल्या, सामान मात्र मागे राहिलं. अक्कांच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ते सगळं नीट मांडून ठेवलेलं होतं. संगणकाच्या पडद्यावर भरतकामाचा रुमाल अंथरला होता आणि प्रिंटरच्या खोक्यात नवजात बाळांसाठी जमवलेली दुपटी नि झबली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ते कपाट उघडून दाखवलं. “पहिली कंपनी गयी. दुसरीबी गयी. तूबी जाशी,” असं म्हणून त्यांनी कपाट बंद केलं. बोलण्यात टोमणा नव्हता. मला मात्र त्या दिवशी परत जाताना उगाच थकल्यासारखं झालं.

असोद्याच्या पुढे, केळीच्या बागांमध्ये ते गाव. दोन खोल्यांचं उपकेंद्र, पुढे कडुनिंब, आत अक्का. पदाने आरोग्यसेविका. तीस वर्षं जळगावकडे नोकरी करूनही बोलणं अस्सल धुळ्याकडचं, कारण त्यांचं माहेर साक्रीच्या बाजूला. गावातली माणसं त्यांच्या ‘शे’ची, म्हणजे ‘आहे’ची, आणि ‘बठ्ठं’ची, म्हणजे ‘सगळं’ची, नक्कल करायची. अक्काही त्यांची करायच्या, आणि ती जास्त चांगली व्हायची. मी वाढलो दीपनगरच्या वसाहतीत, वडील वीज केंद्रात. आमच्या क्वार्टरांमध्ये सगळ्या महाराष्ट्रातली माणसं, त्यामुळे भाषा पुस्तकातली. अक्कांचं अर्धं बोलणं मला कळायचं, उरलेलं मी कळल्यासारखं करायचो. ही सवय मला पुढे महागात पडली.

अक्कांचा एक प्रश्न ठरलेला होता. समोर कोणीही येवो, आधी विचारणार, “तुनं माहेर कोठलं शे?” खोकला आहे, ताप आहे, मूल रडतं आहे, ते सगळं नंतर. एकदा मोठे साहेब तपासणीला आले होते. त्यांनाही सुटका नव्हती. साहेब गडबडले, म्हणाले, “मला कसलं माहेर?” अक्का म्हणाल्या, “तुमची मायनं सांगा मंग.” साहेबांनी मुकाट्याने आजोळचं गाव सांगितलं आणि अक्कांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या आईचं माहेर पाचोरा. त्यानंतर पाचोऱ्याकडची कोणी सून तपासायला आली की अक्का मला आवर्जून सांगायच्या, “देख, तुना मामासना गावनी शे.” माझे मामा पाचोऱ्यात उरले नव्हते, पण ते सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

ती वही म्हणजे अक्कांचा खरा संसार. लाल कापडी बांधणीची, पोटफुगी वही. सरकारी नोंदवहीत बायकांची नावं घर क्रमांकाप्रमाणे असतात. अक्कांच्या वहीत ती माहेरच्या गावाप्रमाणे होती. एका पानावर चोपड्याकडच्या सगळ्या सुना, एका पानावर शिरपूरकडच्या, एका पानावर धरणगावच्या. प्रत्येक गावासमोर तिथल्या सिस्टरचा नंबर, तिथल्या आशाताईचा नंबर, आणि कुणाच्या तरी किराणा दुकानाचा. मी पहिल्यांदा वही चाळली तेव्हा हसलो. म्हटलं, “अक्का, हे उलटं आहे.”

“उलटं काबरं?” त्या म्हणाल्या. “पोर पहिला बाळंतपणले कोठे जास? माहेरले. मंग तिले मी आठे धुंडू का?”

सातवा-आठवा महिना लागला, ओटी भरली, की पोर माहेरी जाणार. ती निघाली की अक्का वही उघडायच्या, त्या गावच्या सिस्टरला फोन लावायच्या आणि सगळी हकिगत सांगायच्या: वजन किती, रक्त किती, गोळ्या खाते की खाल्ल्या म्हणून सांगते. लगेच कागद हाताशी नसेल तर आलेलं उत्तर डाव्या तळहातावर लिहायच्या. मी पाहिलं तेव्हा तो तळहात बहुतेक वेळा निळाच असायचा.

आमच्या ॲपमध्ये माहेर नव्हतं. ज्यांनी ते बनवलं त्यांना कोणी सांगितलंच नसावं, किंवा सांगितलं तर ते ‘स्थलांतर’ या शब्दात बसेल असं त्यांना वाटलं असावं. गंमत अशी की तालुक्यातल्या सिस्टरांना पासवर्ड ठरवायला सांगितले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी आपापल्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं. ही अक्कांचीच शिकवण. त्यामुळे कुणीही कुणाचाही टॅब उघडू शकायचं. मी सुरक्षिततेवर अर्धा तास बोललो. अक्का म्हणाल्या, “दुसरं नाव टाकं ते ध्यानमा नही ऱ्हाव्हाव.” आणि विषय संपला.

टॅबशी त्यांचं वैर होतं असं कोणी समजू नये. उलट त्यांनी त्याची जी बडदास्त ठेवली ती आमच्या पुण्याच्या कचेरीतही कोणी ठेवत नसेल. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचं ऊन असं की टॅब हातात तापून आपोआप बंद पडायचे. रोज तक्रारी. एकट्या अक्कांचा टॅब कधी बंद पडला नाही. कारण विचारायला गेलो तर त्यांनी लस न्यायचा निळा डबा उघडला. बर्फाच्या थैल्यांवर दुपट्यात गुंडाळलेला टॅब निवांत पडला होता. मी कपाळावर हात मारला. ओल आत गेली तर काय, हमी कोण देणार, असं बरंच काही बोललो. अक्कांनी टॅब काढला, दुपट्याने पुसला आणि झटकन चालू करून दाखवला. महिन्याभरात तालुक्यातल्या निम्म्या सिस्टर तसंच करू लागल्या आणि तक्रारी थांबल्या. पुण्याच्या मंडळींनी टॅबच्या गुणवत्तेबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं.

माझं काम म्हणजे एक दाखला मिळवणं. प्रत्येक उपकेंद्रातून लिहून हवं होतं की सगळ्या नोंदी शंभर टक्के ॲपमध्ये आल्या, त्या अचूक आहेत, आणि कागदी वह्या बंद झाल्या. खाली सेविकेची सही, त्याखाली एका लाभार्थीची. तालुक्यातले बाकीचे दाखले मिळाले. अक्कांचा राहिला. वरून रोज फोन यायचा, एका म्हातारीमुळे तुमचा तालुका अडलाय म्हणून. मी वैतागून गेलो होतो. शेवटी मी अक्कांना म्हटलं, तुम्ही वही वाचा, मी फोनवर ऐकून माझ्याकडून भरतो. आणि त्याच भरात हेही सांगितलं की आता गावोगाव फोन करत बसू नका. बाईची जागा बदलली की ॲप त्या गावच्या सिस्टरला आपोआप कळवतं.

“खरंच कळाडस का?” त्यांनी विचारलं.

“शंभर टक्के,” मी म्हणालो.

दोन दिवस हे वाचन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जळगावच्या बस स्थानकावर बसलो होतो. मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन, मागे गाड्यांची घोषणा. किती नावं झाली होती याचं मला भान नव्हतं. अक्का थकल्या होत्या, मीही.

“मनीषा,” त्या म्हणाल्या. “पहिली खेप. आठवा लागेल व्हता. रगत कमी. लई कमी.”

“मग पुढे?”

अक्कांनी सुस्कारा सोडला. “गयी.”

“गेली?”

“हा, गयी ना भाऊ. परवदिन. मी लई सांगं, पन काय करानं? जानंच पडस बाईले.”

मी ‘अरेरे’ म्हटलं. मनापासून म्हटलं, हेही खरं. समोर तीन पर्याय होते: प्रसूती, स्थलांतर, मृत्यू. मी मृत्यूवर खूण केली. ॲपने कारण विचारलं, मी रक्तक्षय निवडला. ॲपने विचारलं, नक्की? मी होय म्हटलं.

“मंग तठली सिस्टरले फोन लावू का मी?” अक्कांनी विचारलं.

“नको अक्का. ॲप कळवेल. पुढचं नाव सांगा.”

त्यांनी पुढचं नाव सांगितलं.

तीनेक आठवड्यांनी तालुक्याची बैठक होती. दालनात सगळ्या सिस्टर, पुढे तालुका आरोग्य अधिकारी, आणि भिंतीवर ॲपचा नकाशा दाखवायला मी. गावांवर हिरवे ठिपके, एकच लाल. साहेबांनी चष्मा वर केला. “मातामृत्यू? अक्का, तुमच्याकडे? मनीषा नावाची बाई. मला कळवलं का नाही?”

अक्का उभ्या राहिल्या आणि लगेच खाली बसल्या. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्यांना वाटलं, ती तिकडे माहेरी खरंच दगावली आणि ॲपला ते आधी कळलं. “कव्हय?” कधी, एवढंच त्यांनी विचारलं.

“तुम्हीच तर नोंद केलीये,” साहेब म्हणाले.

अक्कांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हाही काही उमगलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि भर बैठकीत मनीषाच्या सासूला लावला. फोनचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. सासू म्हणत होती, “सकायीच बोलनं झालं ना तिच्याशी. पाय लय सुजले म्हने. दम लागते चालतानी.”

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “चला, जिवंत आहे. नोंद दुरुस्त करून घ्या.” दोघीतिघी हसल्यासुद्धा.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी लाल वही काढली, शिरपूरचं पान उघडलं, तिथल्या सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, “अक्का, या नावाची बाई माझ्या यादीत आलीच नाही. तुमचा फोनही नाही, मग मी कशी जाणार?” बरोबरच होतं. ॲप जिवंत माणसांचीच जागा कळवायचं.

अक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “गाडी काढ.”

जळगावहून चोपडा, चोपड्याहून शिरपूर आणि पुढे. भर उन्हात सत्तावन्न वर्षांच्या अक्का माझ्या मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसल्या होत्या, मांडीवर वही. तापीच्या पुलावर त्या म्हणाल्या, “तीस वरीसमा पहिली बार मी फोन कया नही.” हेल्मेट होतं ते बरं.

मनीषा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, पाय सुजलेले. अक्कांना पाहून ती उठायला लागली आणि तिला उठवेना. तिची आई म्हणाली, “पहिलटकरीण शे, थकनारच.” अक्कांनी पोरीची पापणी खाली ओढून पाहिली आणि रुग्णवाहिका बोलावली. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर घरी राहिली असती तर आम्हाला काही करता आलं नसतं. रक्त चढवायचं ठरलं. बदल्यात कोणीतरी द्यायला हवं होतं. अक्का माझ्याकडे वळल्या. “कंपनीनी टॅब दिना. आते रगत दे.”

मी बाही वर केली. सुई टोचली तेव्हा मला रडू आलं. नर्सला वाटलं, घाबरला. मी तसंच वाटू दिलं.

मनीषाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. हकिगत इथे संपायला हरकत नव्हती, पण ॲपमध्ये मनीषा मेलेलीच राहिली. मृत्यूची नोंद एकदा बंद झाली की ती उघडायची सोयच नव्हती. मी पुण्याला कळवलं. त्यांनी तक्रार क्रमांक दिला. मग उत्तर आलं की तक्रार निकाली काढली आहे. मी पुन्हा कळवलं, नवा क्रमांक आला, तीही निकाली निघाली. तालुका म्हणायचा कंपनीला सांगा, कंपनी म्हणायची खात्याचं पत्र आणा, खातं म्हणायचं पत्राचा नमुना कंपनीने द्यावा. मुलीच्या लसीची नोंद होईना, कारण आईचा क्रमांक बंद. शेवटी मदत केंद्रातल्या मुलीने गोड आवाजात सुचवलं, त्या बाईंची नवीन नोंदणी करून टाका, दुसऱ्या क्रमांकाने.

मी ते अक्कांना सांगितलं. त्या बाळाला टोचत होत्या. टोचून झाल्यावर म्हणाल्या, “म्हंजे एक मनीषा मरेल आनि एक जित्ती? नही. शे तीच जित्ती कर. मंग सही.”

पुढचं सव्वा वर्ष मी दर महिन्याला त्यांच्याकडे जायचो. त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवायच्या आणि विचारायच्या, “व्हयनी का जित्ती?” मी ‘नाही’ म्हणून मान हलवायचो. मग आम्ही जेवायचो. मुलीच्या लसी त्यांनी वहीत लिहिल्या, अगदी तारखेवार. फोन पुन्हा सुरू झाले होते, तळहात पुन्हा निळा. मला ते दिसायचं आणि मी वर कळवायचो की वह्या जवळपास बंद झाल्या आहेत. खोटं बोलायचाही कंटाळा येतो, हे मला त्या वर्षात कळलं.

अक्का निवृत्त झाल्या त्या दिवशी मी गेलो. उपकेंद्रात गावातल्या बायका जमल्या होत्या, नारळ, पेढे, कोणी साडी आणलेली. वही त्यांनी नव्या सिस्टरच्या हातात दिली आणि तिला विचारलं, “तुनं माहेर कोठलं?” मग मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “आन तुना कागद.”

“राहू द्या अक्का,” मी म्हणालो. “अजून काही झालेलं नाही.”

“माले ठाऊक शे. पन मी गयी की हाई नवी पोरले तू छळशी. आनि तुले वरना लोक छळतीन. आन.”

त्यांच्या तोंडून ‘मी गयी’ ऐकून मला कसंसंच झालं. मी बॅगेतून दाखला काढला. दोन वर्षं सोबत वागवून त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. सर्व नोंदी पूर्ण व अचूक असून कागदी वह्या बंद करण्यात आल्या आहेत. अक्कांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि खाली सही केली, गोल, सावकाश. मग लाभार्थीच्या सहीची रिकामी जागा पाहून त्यांनी बायकांच्या घोळक्याकडे हात केला.

“मनीषा, आठे ये.”

ती कडेवर पोरगी घेऊन पुढे आली. अंगाने भरली होती. अक्कांनी पोरगी स्वतःकडे घेतली आणि पेन तिच्या हातात दिलं. मनीषाने विचारलं, कशावर सही करायची. अक्का म्हणाल्या, “कंपनीनं काम बराबर शे म्हनीसन.” ती लाजून हसली, टेबलावर वाकली आणि पूर्ण नाव लिहिलं. बारावीपर्यंत शिकलेली, अक्षर सुरेख. कागद सुकेपर्यंत अक्का त्याच्यावर फुंकर घालत राहिल्या. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “दे वरे. देखू, मनीषाले कोनी वयखस का.”

मी तो दाखला दुसऱ्या दिवशी जमा केला. कचेरीत एका बाईंनी सह्या आहेत का ते पाहिलं, मनीषाचं नाव संगणकात उतरवून घेतलं आणि शिक्का मारला. दाखला त्याच आठवड्यात मंजूर झाला. कोणी काही विचारलं नाही.